टँगो नृत्यशिक्षकांची पात्रता

टँगो हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुएनोस आइरेस व मोन्तेविदेओ या शहरांतील श्रमिक वस्त्यांत उदयास आलेले युगुलनृत्य होय. ते शिकविणाऱ्यांसाठी जगभर मान्य असा एकच परवाना अस्तित्वात नाही. बॉलरूम टँगो व आर्जेन्टिनी टँगो या दोन शाखांत शिक्षकाची योग्यता ठरविण्याच्या पद्धती अगदी भिन्न आहेत. त्यामुळे एका शाखेचे प्रमाणपत्र दुसऱ्या शाखेत फारसे उपयोगी पडत नाही.

बॉलरूम टँगो

१९१३ च्या सुमारास टँगोची लाट पॅरिस व लंडनमध्ये पसरली. पुढे बॉलरूम नृत्यांत पदन्यासांचा गोंधळ माजल्याने ‘डान्सिंग टाइम्स’चे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी १९२० मध्ये लंडनला शिक्षकांची परिषद बोलावली. ‘इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग’ (स्थापना १९०४) या संस्थेने १९२४ मध्ये बॉलरूम शाखा काढली. तिच्या असोशिएट, लायसेन्शिएट व फेलो या चढत्या पायऱ्या आहेत. उमेदवाराला पुरुष व स्त्री अशा दोन्ही भूमिका नाचून दाखवाव्या लागतात. पाऊल टाचेवर पडते की चवड्यावर, शरीर किती वळते, हेही तोंडी सांगावे लागते.

आर्जेन्टिनी टँगो

हा टँगो उत्स्फूर्त असल्याने त्याला अशी परीक्षापद्धती सहजी लागू होत नाही. पूर्वी तरुण मुले ‘प्राक्तिका’ म्हणजे सरावाच्या बैठकीत जाणत्या पुरुषांबरोबर नाचत. आधी अनुसरणाची आणि मगच पुढाकाराची भूमिका त्यांना मिळे. ही शिस्त आजच्या अनेक अल्पमुदतीच्या वर्गांहून कडक होती, असे म्हणावयास हरकत नाही.

१९८३ मध्ये पॅरिसला व १९८५ मध्ये ब्रॉडवेवर गाजलेल्या ‘तांगो आर्खेन्तिनो’ या कार्यक्रमानंतर परदेशांतून शिक्षकांना मागणी वाढली. बुएनोस आइरेसच्या राष्ट्रीय कला विद्यापीठात लोकनृत्य व टँगो यांचे पदवी शिक्षण मिळते. तथापि खासगी वर्ग चालविणारे सर्वच पदवीधर नसतात. त्याच शहरात २००३ पासून भरणाऱ्या जागतिक स्पर्धेतील विजेते पुष्कळदा शिक्षक म्हणून दौरे करतात. मात्र स्पर्धेत नृत्य जोखले जाते, अध्यापन नव्हे. २००९ मध्ये युनेस्कोने टँगोला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, परंतु त्यातून शिक्षकांना कोणतीही मान्यता मिळत नाही.

शिक्षकाची निवड

कागदापेक्षा शिक्षकाचा वर्ग पाहणे अधिक उपयुक्त ठरते. तो दोन्ही भूमिका शिकवितो का, आकृत्यांआधी चालणे घोटून घेतो का, दि सार्ली व पुग्लिएसे यांच्या वाद्यवृंदांच्या लयीतील भेद ऐकवितो का, हे ध्यानात घ्यावे. हे नृत्य आलिंगनात होत असल्याने जोडीदाराच्या संमतीचा व शारीरिक मर्यादांचा आदरही त्याने शिकविला पाहिजे. ‘मिलोंगा’ या नृत्यसभेत न विचारता जोडीदाराच्या चुका काढणे तेथे शिष्टाचाराविरुद्ध मानले जाते.