येथील क्षेम

बीड जिल्ह्यांतील तेलगांव हें इतिहासप्रसिद्ध स्थळ नव्हे. बीडाहून परळीकडे जाणारा रस्ता व माजलगांवाहून धारूरकडे जाणारा रस्ता येथें एकमेकांस मिळतात, आणि शेजारींच एका सहकारी साखर कारखान्याचें धुरांडें उभें आहे. एवढी ओळख वाटसरूस पुरते. परंतु दिवाळी आटोपली म्हणजे या बाजूच्या रस्त्यांवर जें दृश्य दिसतें तें विचार करावयास लावणारें आहे. माणसें, भांडीं, धान्याचीं पोतीं आणि पांघरुणांचीं गांठोडीं यांनीं भरलेले ट्रक व ट्रॅक्टर पश्चिमेस सांगली-कोल्हापुराकडे व पुढें कर्नाटकांत जात असतात. हीं ऊस तोडणारांचीं कुटुंबें. घरीं राहतात ते म्हातारे आईबाप आणि, जमेल तेथें, शाळेंत जाणारीं मुलें. पुढील पांच-सहा महिने एकच घर दोन ठिकाणीं नांदतें.

या दोन ठिकाणच्या माणसांनीं एकमेकांस काय सांगावें, काय पाठवावें आणि कोणाच्या हातीं पाठवावें, हा प्रश्न दिसण्यांत साधा आहे. आप्तेष्टांस आपल्या सुखदुःखाचें वांटेकरी करणें मनुष्यास उपजतच येतें, अशी सामान्य समजूत असते. आमच्या मतें ती खरी नाहीं. ही शिकावी लागणारी विद्या आहे. मराठी माणूस ती कशी शिकला आणि शिकतां शिकतां कोठें अडून राहिला, हें इतिहासाच्या आधारें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

पत्रलेखनाची शिस्त आपणांकडे जुनी आहे. देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्रि, ज्यास लोक हेमाडपंत म्हणतात, त्याच्या नांवावर परंपरा 'मेस्तक' घालते. थोरास कसें लिहावें, बरोबरीच्यास कसें, धाकट्यास कसें, याचे नियम त्यांत सांगितले आहेत. वडिलांस साष्टांग नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद, मग येथील क्षेम कळवून तिकडील क्षेम लिहीत जाण्याची विनंति, आणि अखेर लेखनसीमा; हा सांगाडा शेंकडों वर्षें टिकला. त्याचा गुण असा कीं, पत्र उघडतांच लिहिणाऱ्याचें व वाचणाऱ्याचें नातें डोळ्यांपुढें उभें राही. दोषहि त्याच गुणांत होता. क्षेम असल्याचें लिहिणें हा नियमच ठरल्यामुळें क्षेम नसतांनाहि तें लिहिलें जाई, आणि वाचणाराहि त्यावर समाधान मानी.

त्या काळीं वार्ता आणि वस्तु यांची फारकत झालेली नव्हती. संक्रांतीच्या पत्राबरोबर तीळ व साखर जात, दसऱ्याच्या पत्राबरोबर आपट्याचीं पानें. सरकारी कागद जासूद, कासीद किंवा सांडणीस्वार नेत. सामान्य माणसाचा निरोप यात्रेकरू, व्यापारी किंवा त्या गांवीं जाणारा कोणी पाव्हणा नेई. सासुरवाशिणीस माहेरची खबर कागदानें येत नसे. ती मुराळी म्हणून आलेल्या भावाच्या तोंडीं येई, आणि त्याच्या गांठोड्यांत चोळीचा खण व चार लाडू असत. मात्र भावाजवळ बोलतांना सासू जवळ बसलेली असली, तर तिनेंहि 'बरें आहे' यापलीकडे काय सांगावें?

वस्तु पोंचते पण वार्ता मागें राहते, याचें एक चांगलें उदाहरण विष्णुभट गोडसे यांचें आहे. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब ब्राह्मण दक्षिणेच्या आशेनें १८५७ सालीं उत्तरेकडे गेला आणि बंडाच्या वणव्यांत सांपडला. झांशीचा वेढा व तेथील कत्तल त्यानें डोळ्यांनीं पाहिली. मिळविलेलें द्रव्य वाटेंत लुटलें गेलें. तरी गंगेची कावड त्यानें सोडली नाहीं. ती घरीं आणून त्या जलानें आईबापांस स्नान घातलें. कावड तेव्हांच पोंचली. परंतु पाहिलेली हकीकत लिहून काढण्यास १८८३ साल उजाडलें आणि 'माझा प्रवास' या नांवानें ती छापून निघण्यास १९०७.

वार्ता सांगतांना माणूस का अडखळतो, याचें कारण याहूनहि प्रसिद्ध अशा एका पत्रांत मिळतें. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला. सैन्यासह उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांस त्या अनर्थाची खबर एका सावकारी पत्रावरून लागली. तें पत्र पेशव्यांस लिहिलेलें नव्हतें. वाटेंत तें त्यांच्या हातीं आलें. पडलेल्या सरदारांची व शिपायांची गणना त्यांत मोत्यें, मोहरा आणि सुटीं नाणीं यांच्या हिशेबाच्या भाषेंत केलेली होती. पत्र तिसऱ्याच्या हातीं पडेल ही सावकारास भीति होती, आणि ती खरीहि ठरली. वाचणारा कोण असेल याची खात्री नाहीं, तेथें लिहिणारा सत्य झांकूनच लिहितो.

राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला, आणि सरदेसायांच्या देखरेखीखालीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. या कागदांमुळें राज्यकारभाराबरोबर घरांतील बोलणेंहि आपल्या कानीं आलें. गोपिकाबाईंनीं आपला नातू सवाई माधवराव यास पाठविलेलें उपदेशाचें पत्र कोण विसरेल? परंतु हीं घरें कारकून बाळगणारांचीं होतीं. गोदातीरावर राक्षसभुवन येथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं पेशव्यांची व निजामाची लढाई झाली. तिचे कागद आपण वाचतों. परंतु ज्यांच्या शेतांतून तीं सैन्यें गेलीं, त्या कुणब्यांनीं त्या पावसाळ्यांत आपल्या लेकीबाळींस काय निरोप धाडले, हें कोणत्या दप्तरांत पाहावयाचें?

पुढें टपाल आलें आणि निरोप स्वस्त झाला. १८५४ सालीं ब्रिटिश मुलखांत हलक्या पत्रास, अंतर कितीहि असो, अर्धा आणा हांशील ठरलें. १ जुलै १८७९ पासून एका पैशाचें कार्ड मिळूं लागलें, आणि १८८० सालीं मनीऑर्डर सुरू झाली. तेलगांवाचा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याचें नाणें वेगळें तसें टपालहि वेगळें. त्याचें पहिलें तिकीट १८६९ सालचें. त्यानंतरच्या तिकिटांवर किंमत उर्दू, इंग्रजी, तेलुगु व मराठी अशा चार भाषांत छापलेली असे. कारभार मात्र आधीं फारशींत व मागाहून उर्दूंत चाले, आणि वरचें शिक्षणहि उर्दूंतून होई. अशा मुलखांत तिकिटावर मराठी असली, तरी पाकिटांतील मराठी वाचणारीं माणसें गांवांत किती असणार?

येथें टपालानें एक नवीनच अडचण उत्पन्न केली. पूर्वीं निरोप आणणारा माणूस ओळखीचा असे; त्याला उलट विचारतां येई, त्याच्या चेहऱ्यावरून कांहीं ताडतां येई. आतां माणूस गेला आणि कागद राहिला. कार्ड तर उघडेंच. तें मास्तरांनीं किंवा टपालवाल्यानें वाचून दाखवावयाचें, आणि सारी आळी ऐकणार. लोकांनीं त्यावर आपल्या परी युक्ति काढली. लग्नाच्या पत्रास हळदकुंकवाचें बोट लागे. मृत्यूच्या पत्राचा कोपरा फाडलेला असे. ज्या बाईस एक अक्षर येत नव्हतें, तीहि कोपरा पाहून हंबरडा फोडी. निरक्षर समाजानें पत्रास वस्तूची भाषा शिकविली ती अशी. परंतु तिच्यांत बोलतां येण्याजोग्या गोष्टी दोनच: लग्न आणि मरण. या दोहोंमध्यें जें आयुष्य पसरलेलें असतें, तें सांगावयास अक्षरच पाहिजे.

अक्षर हातीं आलें म्हणजे काय घडतें, हें डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पत्रांत दिसतें. त्यांचे पति गोपाळराव टपालखात्यांत नोकरीस होते, आणि लिहिणें-वाचणें आनंदीबाईंस त्यांनींच शिकविलें. अमेरिकेंतील कार्पेंटरबाई आधीं पत्रांतून ओळखीच्या झाल्या आणि पत्रांतूनच मावशी झाल्या. १८८३ सालीं आनंदीबाई एकट्या समुद्रापार गेल्या, आणि तेथून त्यांनीं पतीस जीं पत्रें लिहिलीं, त्यांतील एकांत लहानपणीं आपणांस झालेल्या मारहाणीची आठवण त्यांनीं गोपाळरावांसच स्पष्ट शब्दांत करून दिली. एका छपराखालीं राहतांना जें तोंडांतून निघालें नव्हतें, तें हजारों कोसांवरून निघालें. कारण लिहिणारा हात स्वतःचा होता, आणि वाचणारा एकच, ठरलेला होता. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस वैद्यकाची पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली आणि त्यांनीं ती पौकीप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेविली. पत्रानें जोडलेलें नातें इतकें खरें ठरलें.

आमच्या विवेचनाचा रोख एव्हांना वाचकांच्या ध्यानांत आला असेल. निरोप नेण्याचा खर्च कमी होत जाणें हा एक इतिहास आहे, आणि खरें सांगण्याचें धैर्य येणें हा दुसरा. पहिला झपाट्यानें पुढें गेला. दुसरा मात्र सांगणारा व ऐकणारा यांच्यामधील तिसरा माणूस जितका दूर होईल तितकाच पुढें सरकला.

तेलगांवाकडे ही गोष्ट फार उशिरां पोंचली. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद मुक्त झालें आणि १९५० सालीं तेथील टपाल भारतीय टपालखात्यांत विलीन झालें. पुढें १९७२ चा दुष्काळ पडला, आणि बीडाकडील माणसांचें ऊसतोडीस जाणें वाढत गेलें. तेव्हांपासून बनत आलेली रीत सर्वश्रुत आहे. नवराबायको मिळून एक 'कोयता'. मुकादम हंगामापूर्वीं 'उचल' देतो. ती अंगावर घेऊन फडांत जावयाचें, पाचटाच्या कोपींत राहावयाचें, आणि एक दिवस काम चुकलें तर 'खाडा' भरावयाचा. आतां ज्याची उचल अंगावर आहे, त्याच्याच माणसाकडून घरचें पत्र लिहवून घेण्याची पाळी येते, तेथें त्या पत्रांत दुखण्याचें नांव कसें यावें? घरून ज्वारीचें पीठ, चटणी, लोणचें कोणा येणाऱ्याबरोबर यावें. परततांना मुलांसाठीं उंसाचीं कांडकीं न्यावीं. आणि कागदावर दोन्ही बाजूंनीं हेमाडपंती क्षेम असावें. सातशें वर्षांत मायना बदलला, मजकूर तोच राहिला.

एकविसाव्या शतकांत मोबाईल आला आणि ती मध्यस्थी संपली. जुलै २०१३ मध्यें तारखातें बंद झालें तेव्हां तारेची वाट पाहणारें फारसें कोणी उरलेंहि नव्हतें. फडांतील आईस आतां गांवच्या मुलाचा आवाज रोज ऐकूं येतो, चेहराहि दिसतो. सावकाराचें मोत्यांचें गणित नको कीं फाडलेला कोपरा नको. इतकें झाल्यावर ही विद्या पुरी झाली असें कोणासहि वाटेल. परंतु २०१९ सालीं काय उघडकीस आलें तें आठवावें. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न त्या वर्षीं वृत्तपत्रांत व विधिमंडळांत गाजला. शासनानें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. ज्या घरांत हें घडलें त्यांत फोन नव्हते असें नाहीं. तरीहि घरोघरचें दुःख घरोघरींच राहिलें. बहिणीनें बहिणीस, शेजारणीनें शेजारणीस सांगून त्याची बेरीज होण्यास इतकीं वर्षें गेलीं. प्रत्येकीनें एकटीनें सोसलें आणि विचारणाऱ्यास 'बरें आहे' म्हणून सांगितलें.

यांत दोष त्या स्त्रियांचा नाहीं. विचारणारानें क्षेमाचेंच उत्तर अपेक्षावें, आणि सांगणारानें तेंच द्यावें, असा हा जुना करार आहे, व आपण सुशिक्षितहि त्यांत सामील आहों. मुंबईपुण्याच्या घरांतील मुलगा परदेशांतून आईशीं बोलतो तेव्हां नोकरी गेल्याचें महिनोन्‌महिने सांगत नाहीं. आई आपल्या गांठीचें निदान त्याची परीक्षा होईपर्यंत दाबून ठेवते. दोघांसहि वाटतें कीं आपण प्रेमानें हें करतों. प्रेम असतेंच, परंतु दुःखाची वांटणी टाळून केवळ सुखाची वांटणी करणारें प्रेम संकटाच्या वेळीं दोघांनाहि एकटें पाडतें.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं संत भगवानबाबांच्या नांवें वसतिगृहें काढण्याची योजना शासनानें २०२१ सालीं मंजूर केली. अशा वसतिगृहांत राहणाऱ्या मुलांस शाळेंत पत्रलेखन शिकवितात: वर तारीख व पत्ता, मग तीर्थरूप, मग शिरसाष्टांग नमस्कार. तें शिकवावेंच, नात्याचा मान राखणारी ती जुनी शिस्त मोडूं नये. परंतु मायन्याखालीं जी मोकळी जागा राहते, तींत काय लिहावयाचें हेंहि कोणीं तरी त्यांस शिकवावें. पोट दुखतें तर पोट दुखतें असें लिहावें. रात्रीं आईची आठवण येऊन झोंप लागत नाहीं, तर तसें लिहावें. आणि आईनेंहि हात कापला असेल तर कापला असें कळवावें. तीळ आणि साखर पाठविणें आपणांस पूर्वींपासून येतें. आंसूं पाठविण्याची रीत आपण अद्यापि शिकत आहों, आणि ती ज्यांना सर्वांत अधिक हवी आहे, तीं माणसें दिवाळी सरली कीं तेलगांवाच्या रस्त्यानें बाहेर पडत आहेत.