विकायचे काय? : सिग्नस कंपनी आणि मुक्त सॉफ्टवेअरचा हिशेब

सॉफ्टवेअर ही वेगळी विकायची वस्तू आहे, ही कल्पना तशी अलीकडची. १९६० च्या दशकात आयबीएमचा संगणक भाड्याने घेणाऱ्याला प्रोग्राम आणि सल्ला यांचे निराळे बिल सहसा येत नसे. सगळे यंत्राच्या भाड्यातच धरलेले असे. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकन सरकारने या कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला आणि त्याच वर्षी २३ जूनला कंपनीने बऱ्याचशा सॉफ्टवेअरची व सेवांची किंमत वेगळी लावण्याचे जाहीर केले. सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र बाजाराला मोठा रेटा मिळाला तो या निर्णयामुळे.

फेब्रुवारी १९७६ मध्ये तरुण बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. अल्टेअर या छोट्या संगणकासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेसिक ही भाषा तयार केली होती. तिची तक्रार अशी : वापरणारे पुष्कळ, पण विकत घेणारे दहातले एकही नाहीत, ४०,००० डॉलरहून अधिक किमतीचा संगणकवेळ खर्च झाला आणि मेहनताना तासाला दोन डॉलरही पडत नाही. या पत्राची पुढे बरीच टर उडवली गेली. पण त्यातला प्रश्न खोटा नव्हता. प्रोग्राम लिहायला महिने लागतात, नक्कल करायला मिनिटे. मग त्या महिन्यांचे पैसे कोणी द्यायचे? गेट्स यांचे उत्तर सरळ होते : प्रत्येक नकलेमागे थोडे थोडे, आणि त्यासाठी परस्पर नक्कल करायला मनाई. मालकीच्या सॉफ्टवेअरचा व्यवहार या उत्तरावर उभा राहिला आणि तो भरभरून चालला, हे मुक्त सॉफ्टवेअरच्या कैवाऱ्यांनीही मान्य करायला हरकत नाही.

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली ती या मनाईविरुद्ध. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते उघडून पाहण्याचा, बदलण्याचा, दुसऱ्याला देण्याचा अधिकार हवा, ही त्यांची भूमिका नैतिक होती. पण विक्रीला त्यांचा विरोध नव्हता. आपल्या ईमॅक्स या संपादकाची चुंबकीय टेप ते स्वतः १५० डॉलरना विकत. इंग्रजीतल्या ‘फ्री’ या एका शब्दात मुक्त आणि फुकट असे दोन्ही अर्थ कोंबलेले असल्यामुळे तिकडे घोळ झाला. मराठीत तो व्हायचे कारण नव्हते. आपण तोही आयात केला.

स्टॉलमन यांचा ग्नू जाहीरनामा मायकेल टीमन यांनी वाचला, तेव्हा त्या समाजवादी वळणाच्या मजकुरात त्यांना चक्क धंद्याची योजना दिसली. १९८९ मध्ये त्यांनी जॉन गिल्मोर आणि डेव्हिड हेंकल-वॉलेस यांच्याबरोबर कॅलिफोर्नियात सिग्नस ही कंपनी काढली. भांडवल सुमारे ६,००० डॉलर. कंपनीच्या इंग्रजी नावात ‘ग्नू’ची तीन अक्षरे दडलेली होती, आणि मुक्त सॉफ्टवेअर परवडण्याजोगे करून देतो, अशा अर्थाचे थोडे खट्याळ ब्रीदवाक्य होते.

त्यांनी निवडलेला माल मात्र अगदी रुक्ष : कंपायलर. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा हा प्रोग्राम. स्टॉलमन यांचा जीसीसी हा कंपायलर १९८७ मध्ये बाहेर आला होता. चिप बनवणाऱ्या कंपनीची अडचण अशी, की नव्या चिपसाठी कंपायलर नसेल तर त्या चिपला गिऱ्हाईक मिळत नाही. आणि तो मुळापासून लिहायचा तर पदरी तज्ज्ञ माणसे ठेवावी लागतात. जीसीसीचा मोठा भाग सर्व यंत्रांना सामाईक होता. विशिष्ट चिपपुरता भाग तेवढा नवा लिहायचा. घरच्या माणसांकडून करवून घेण्याच्या निम्म्या ते पाव खर्चात आपण हे देऊ, असा सिग्नसचा होरा होता. पहिल्या वर्षअखेर सुमारे सव्वासात लाख डॉलरची कंत्राटे हातात आली.

आता शंका येते, की जी सुधारणा प्रतिस्पर्ध्यालाही आयती मिळणार, तिच्यासाठी कोणी पैसे का मोजावेत? माझ्या मते मुक्त सॉफ्टवेअरच्या व्यापारी बाजूचे मर्म इथे आहे. चिपवाला चिप विकतो. कंपायलर हा त्याचा माल नव्हे, खर्च आहे. खर्च वाटून घ्यायला व्यापारी कधीच कचरत नाही. वाटून घेत नाही तो माल. ज्यांचा मालच सॉफ्टवेअर होता, त्यांना हा युक्तिवाद पटणे शक्य नव्हते, आणि त्यांच्या जागी ते बरोबर होते.

दुसरा मुद्दा परावलंबनाचा. सन कंपनीने सोलारिस २ आणताना यंत्राबरोबर मिळणारा कंपायलर काढून तो स्वतंत्र विकायला ठेवला. काल हाताशी असलेले हत्यार गिऱ्हाइकाला आज विकत घेणे भाग पडले. असा फास किती घट्ट बसतो हे मराठी मुद्रणव्यवसायाला निराळे सांगायला नको. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक विक्रेत्याच्या फॉन्टची अक्षरयोजना वेगळी होती. एका फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की निव्वळ खिचडी. लेख आपला, पण त्याची किल्ली विक्रेत्याकडे. जीसीसीच्या बाबतीत किल्ली कुणा एकाकडे राहू शकत नव्हती, खुद्द स्टॉलमन यांच्या संस्थेकडेही नाही. तिथले काम संथ वाटू लागले तेव्हा १९९७ मध्ये सिग्नसच्या अभियंत्यांसह काही जणांनी ईजीसीएस नावाची वेगळी शाखा काढली. ती इतकी पुढे गेली की १९९९ मध्ये तीच अधिकृत जीसीसी ठरली.

या धंद्याला मर्यादा होतीच. श्रम विकणाऱ्याची मिळकत श्रमांइतकीच वाढते; नव्या कंत्राटाला नवे अभियंते लागतात. नक्कल विकणाऱ्याला लाखावी प्रत जवळजवळ फुकट पडते. शिवाय कंपायलरच्या गिऱ्हाइकाला आपली गरज नेमकी ठाऊक होती. जिथे गरज सर्वांची पण जबाबदारी कोणाचीच नाही, तिथे वाटून घेण्याचा हिशेब कोसळतो. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष उघडकीस आला. असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता ज्यावर होती, त्या या प्रकल्पाला वर्षाकाठी देणग्या मिळत जेमतेम २,००० डॉलर. गेट्स यांचा १९७६ चा प्रश्न तिथे जसाच्या तसा उभा होता.

सिग्नस नोव्हेंबर १९९९ मध्ये रेड हॅटने घेतली, सुमारे ६७ कोटी डॉलरच्या समभागांच्या मोबदल्यात. आणि रेड हॅट जुलै २०१९ मध्ये सुमारे ३,४०० कोटी डॉलरना विकली गेली, ती आयबीएमला. रेड हॅट लिनक्सच्या नकला विकत नव्हती. खात्रीची आवृत्ती आणि तिच्या देखभालीची वर्गणी विकत होती. जून २०२३ मध्ये तिने आपल्या मुख्य आवृत्तीचा सोर्स कोड यापुढे ग्राहकांपुरताच ठेवण्याचे जाहीर केले. ज्याला प्रोग्राम दिला त्याला सोर्स द्या, एवढीच परवान्याची अट असल्याने कंपनी नियमात बसते. तो सोर्स घेऊन तशीच आवृत्ती काढणारे अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स यांसारखे प्रकल्प मात्र त्या दिवसापासून दुसरी वाट शोधायला लागले.