घर्षणाचा धडा

आठवीतल्या मुलास घर्षण म्हणजे काय असे विचारा, तो व्याख्या घडाघडा म्हणतो. पण भरलेली हातगाडी हलवितानाच सर्वांत जास्त जोर का लागतो, असे विचारले की गप्प बसतो. आम्ही सातवीपुढे शाळा पाहिली नाही. घर्षण शिकलो ते कारखान्यात. इतिहास पाहता ह्यात नवल नाही.

गियोम आमोंताँ हा फ्रेंच संशोधक लहान वयातच बहिरा झाला. विद्यापीठात तो कधी गेला नाही. यंत्रांची शक्ती घासण्यात किती वाया जाते हे शोधताना त्यास आढळले, की घर्षण वजनाप्रमाणे वाढते. टेकलेली जागा लहान की मोठी, ह्याने फरक पडत नाही. १६९९ मध्ये त्याने हे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. पुढे कूलाँ ह्या लष्करी इंजिनिअरने रोशफोरच्या आरमारी गोदीत प्रयोग केले. लाकडावर लाकूड काही वेळ पडून राहिले की ते सरकवावयास अधिक जोर लागतो, हे त्याने मोजले. १७८१ साली अकादमीने त्यास पारितोषिक दिले. गोदीतल्या हमालाच्या खांद्यास हे आधीच ठाऊक असणार. मोजून लिहिले ते कूलाँने.

म्हणून शिक्षकांस आमची विनंती, की व्याख्येआधी मुलाच्या हाती ताणकाटा व वीट द्या. वीट आडवी ओढू द्या, मग कडेवर उभी करून. काटा जवळजवळ तोच आकडा दाखवील. मग त्याने घरी बापास विचारावे, सायकलच्या आसाला तेल घालता, ब्रेकला का नाही? बापाचे उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गात वाचले जावे. आपल्या बापाच्या हातातही विद्या आहे, हे मुलास कळलेच पाहिजे.