न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास

आत्मचरित्रातील बालपणाचे प्रकरण आपण लेखकाच्या जडणघडणीसाठी वाचतो. मारहाण, अपमान, हेळसांड यांचे ठसे त्याच्या मनावर शोधतो. शरीराकडे आपले लक्ष सहसा जात नाही. वैद्यकाची दृष्टीही दीर्घकाळ अशीच होती. ती बदलू लागली त्या इतिहासाचा एक आरंभ चुकून विचारल्या गेलेल्या प्रश्नात आहे.

१९८५ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे कायझर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावरील उपचारांचा कार्यक्रम चालवीत होते. वजन उत्तम रीतीने घटत असतानाच अनेक जण उपचार सोडून जात, हे त्यांना कोडे होते. अशा व्यक्तींच्या मुलाखती घेताना एका स्त्रीला, पहिल्या शरीरसंबंधाच्या वेळी वय किती होते, असे विचारण्याऐवजी त्यांनी चुकून वजन किती होते, असे विचारले. उत्तर आले, ४० पौंड. म्हणजे सुमारे १८ किलो. अत्याचार करणारा तिचा पिताच होता.

पुढील मुलाखतींतून अशा कहाण्या वारंवार समोर येऊ लागल्या. काहींच्या बाबतीत लठ्ठपणा हा नकोशा नजरांपासूनचा बचाव होता. वैद्यक ज्याला समस्या म्हणत होते, तो रुग्णाने स्वतःपुरता शोधलेला उपाय होता.

१९९० साली अटलांटा येथील परिषदेत फेलिटींनी हे मांडले, तेव्हा अपयशी आयुष्याची सबब म्हणून रुग्ण अशा गोष्टी रचतात, असा आक्षेप घेतला गेला. साहित्याच्या अभ्यासकांना हा आक्षेप अपरिचित नाही. स्त्रियांच्या आणि दलितांच्या आत्मकथनांनाही तो ऐकावा लागला आहे.

त्यानंतर डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासह झालेल्या व्यापक पाहणीचा पहिला शोधनिबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ९,५०८ प्रौढांची उत्तरे होती. ही माणसे बहुतांशी आरोग्यविमा असलेल्या मध्यमवर्गातील होती. तरीही निम्म्याहून अधिक जणांनी प्रतिकूल अनुभवांच्या सात प्रकारांपैकी किमान एक नोंदवला. चार किंवा अधिक प्रकार भोगलेल्यांत, एकही न भोगलेल्यांच्या तुलनेत, हृदयविकाराची शक्यता सुमारे दुप्पट, तर दीर्घकालीन श्वसनविकारांची जवळजवळ चौपट आढळली. हेळसांडीचा समावेश मात्र पाहणीच्या दुसऱ्या टप्प्यात झाला. मारहाणीचा वळ दिसतो. जे मिळालेच नाही त्याची नोंद उशिराच होते.

हे घडते कसे? एक वाट सवयींची आहे : तंबाखू, मद्य, अतिआहार यांतून तात्पुरता दिलासा मिळतो आणि दीर्घकाळाने आजार. दुसरी वाट थेट शरीरातून जाते. सततच्या भयामुळे ताणाला प्रतिसाद देणारी यंत्रणा बिघडते आणि शरीरात सौम्य पण दीर्घकाळ टिकणारा दाह राहू शकतो. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासातून २००७ साली हेच सूचित झाले. बालपणी छळ झालेल्यांच्या रक्तात ३२व्या वर्षीही दाहाची चिन्हे अधिक आढळली. या अभ्यासात प्रौढांच्या आठवणींबरोबरच बालपणीच केलेल्या नोंदीही होत्या, हे विशेष.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे आकडे समूहाचे आहेत, कोणा एकाचे भविष्य नव्हेत. २०२० साली स्वतः अँडा यांनीच, या गुणांकाने एकेका व्यक्तीची पारख करण्याविरुद्ध इशारा दिला. बालपण सोसलेले प्रत्येक शरीर आजारी पडत नाही; आणि प्रत्येक आजारामागे दडलेला अत्याचार शोधणे हाही अन्यायच होईल.

तरीही आम्हांला वाटते की, या संशोधनाने आपल्या वाचनापुढेही एक प्रश्न ठेवला आहे. आत्मकथनाच्या उत्तरार्धात लेखकाचे दुखणे येते, तेव्हा आपण ती पाने भराभर उलटतो. क्वचित ती पाने पहिल्या प्रकरणाशेजारी ठेवून वाचावीत. आणि आपल्या वर्गात असे काही लिहिणारा विद्यार्थी असेल, तर शुद्धलेखन तपासण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. फेलिटींचा प्रश्न चुकला होता. पण उत्तर ऐकायला ते थांबले होते.