तळ्यातला गणपती, आंबिल ओढा आणि भिंतीमागचे पाणी

स्वारगेटहून पर्वतीच्या दिशेने निघाले, की थोड्याच अंतरावर सारसबाग लागते. तिथल्या गणपतीला पुणेकर आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. तळे मात्र कुठेच दिसत नाही. विसाव्या शतकात ते बुजवले गेले.

अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून हे तळे बांधवले. काम रेंगाळलेले पाहून पेशवे स्वतः हत्तीवरून उतरले आणि दगड उचलू लागले, अशी आख्यायिका आहे. तळ्यातल्या बेटावर बाग झाली. १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत तिथे गणपतीची स्थापना झाली. पूर्वी वस्तीतून वाहणारा हाच ओढा पश्चिमेकडे वळवून मुठेला मिळवला गेला, म्हणून पुढच्या पेठांना जागा मिळाली. पाणी अडवावे, वळवावे आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर घरे बांधावीत, ही पुण्याच्या दक्षिण भागाची जुनीच रीत.

पाणी अडवणारी भिंत म्हणजे धरण, आणि माती अडवणारी भिंत म्हणजे सोसायटीची संरक्षक भिंत, असा भेद सहज केला जातो. पावसाळ्यात हा भेद टिकत नाही.

तीन मीटर उंच भिंतीमागे कोरड्या मुरुमाचा भराव असेल, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण पावणेतीन टनांचा आडवा रेटा येतो. तोच भराव वरपर्यंत पाण्याने तुंबला, की मातीचा स्वतःचा रेटा दीड टनापर्यंत उतरतो, कारण पाण्यात बुडालेली माती हलकी होते. पण नुसत्या पाण्याचा रेटा साडेचार टन भरतो. बेरीज सहा टन, म्हणजे दुपटीहून अधिक. भिंतीची उंची दुप्पट केली, तर हे सारे आकडे चौपट होतात.

हे गणित मांडणारा पहिला मोठा अभ्यासक म्हणजे फ्रेंच लष्करी अभियंता कूलोंब. विजेच्या नियमामुळे तो शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक आहे. पण त्याआधी मार्टिनिक बेटावर किल्ला बांधताना त्याला मातीच्या रेट्याने छळले होते. त्याचा निबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आला तो १७७३ मध्ये. त्याच वर्षी इकडे शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला.

कूलोंबचे नावही न ऐकलेला इथला शेतकरी मात्र उतारावर ताल रचत होता, कोकणात गडगा घालत होता. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. सांध्यांमधल्या फटींतून पाणी झिरपून जाई, माती मागे राही. एखादा भाग ढासळला, तर तेच दगड पुन्हा रचता येत. या फटी म्हणजे कामातला कच्चेपणा नव्हे. पाण्याला दिलेली वाट ती हीच.

सिमेंट आले आणि फटी बुजल्या. भिंत दिसायला अधिक भक्कम झाली, पण मागचे पाणी कोंडले गेले. खरे तर उपाय सोपा आणि जुना आहे : भिंतीला लागून खडीचा थर, तळाशी पाणी वाहून नेणारा छिद्रांचा पाइप, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोके, आणि भराव मुरुमाचा, थराथराने दाबलेला. दख्खनची काळी माती भरावात वापरू नये. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते, आणि दर पावसाळ्यात भिंतीला नव्याने ढकलते. घराचा पाया खणताना हीच माती फुकट हाती येते, हा मोह मोठा.

२०१९ या एकाच वर्षात पुण्याने भिंतींची किंमत तीनदा मोजली. २९ जूनच्या पहाटे, जोराच्या पावसानंतर, कोंढव्यात एका सोसायटीची भिंत पलीकडच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. वर उभ्या असलेल्या मोटारीही मातीबरोबर खाली आल्या. पंधरा जण मेले. त्यांत लहान मुलेही होती. तीनच दिवसांत आंबेगावात दुसरी भिंत पडली, आणखी सहा मजूर गेले. २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. स्वारगेटपासून जवळच असलेल्या अरण्येश्वर भागात भिंत कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला. पहिल्या दोन घटनांत मेलेले बहुतेक लोक ती भिंत ज्यांच्यासाठी बांधली होती, त्यांच्यापैकी नव्हते. ते भिंतीच्या खालच्या बाजूला राहत होते, तिथली जागा स्वस्त म्हणून.

नानासाहेबांच्याच काळात कात्रजहून शहरात पाणी आणणारा नळ बांधला गेला. त्यावर जागोजाग दगडी उसासे उभारले होते, हवा बाहेर पडावी आणि नळात उतरून गाळ काढता यावा म्हणून. भूमिगत बांधकामालाही मोकळी वाट लागते, हे तेव्हाच्या कारागिरांना पक्के ठाऊक होते.

आजच्या भिंतींतल्या भोकांतून पावसाळ्यात गढूळ पाणी टिपकत राहते आणि रंगावर तांबूस ओघळ उठतात. काही ठिकाणी भिंत रंगवायला आलेला कारागीर, डाग पडू नयेत म्हणून, ती भोके सिमेंटने बुजवून जातो.