टॉम ड्यूलाचा टॉम डूली

मँडोलिन म्हटलं की आपल्याला सज्जाद हुसेन आठवतात, नाहीतर लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत. इथे नॉर्थ कॅरोलायनात मात्र ते डोंगरातल्या लोकांचं वाद्य. पीएचडी संपवून नोकरीला लागल्यावर मी एक जुनं मँडोलिन घेतलं आणि एका निवृत्त आजोबांकडे शिकायला जाऊ लागलो. त्यांनी पहिलं गाणं दिलं 'टॉम डूली'.

गाणं खरंच सोपं आहे. मँडोलिनला तारा आठ, पण जोडीजोडीने लावलेल्या, म्हणजे सूर चारच. अख्खी चाल मधल्या दोन जोड्यांवर बसते आणि पाचव्या पडद्यापुढे बोट जात नाही. सा रे ग प ध, मध्यम-निषाद गायब. म्हणजे भूपाचेच स्वर की! (राग नव्हे हो, स्वर तेवढे.) साथीला कॉर्डही दोनच. अवघड असतो तो लांब स्वर. या वाद्याचा आवाज लगेच विरतो, म्हणून स्वर धरून ठेवायला पिक भराभर खाली-वर फिरवत राहावं लागतं.

नोटेशनच्या कागदावर संगीतकाराच्या नावाच्या जागी छापलं होतं, 'पारंपरिक'. आपल्याकडेही कॅसेटवर असंच छापलेलं असायचं. पण हे गाणं इथल्याच राज्यातलं, म्हटलं जरा खोदून बघू.

टॉम डूली हा खरा माणूस. आडनाव ड्यूला. इथल्या डोंगरी बोलीत शेवटच्या 'आ'चा 'ई' होतो (ऑपेराचं 'ऑप्री' झालं ते असंच), म्हणून डूली. विल्क्स काउंटीतला हा तरुण यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढून परत आला. १८६६ च्या मे महिन्यात लॉरा फॉस्टर नावाची मुलगी घरातून गेली ती परत आलीच नाही. काही महिन्यांनी उथळ खड्ड्यात पुरलेलं तिचं प्रेत सापडलं. टॉम तोवर टेनेसीत पळाला होता. तिथे ज्याच्या शेतावर तो काही दिवस राबला, त्या जेम्स ग्रेसनने त्याला पकडून देण्यात मदत केली. वकील कोण, तर युद्धकाळातले गव्हर्नर झेब्युलन व्हान्स! खटला दोनदा चालला, दोन्ही वेळा दोषी. १ मे १८६८ ला स्टेट्सव्हिल गावात फाशी. लॉराची चुलतबहीण अ‍ॅन मेल्टन हिचंही टॉमशी प्रकरण होतं आणि तिच्यावरही खुनाचा आरोप होता, ती सुटली. खरं काय घडलं यावर विल्क्समध्ये अजून वाद घालतात म्हणे.

जगभर गाजलं ते १९५८ सालचं किंग्स्टन ट्रिओचं रेकॉर्ड. अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं, पहिल्याच ग्रॅमी समारंभात बक्षीस मिळालं. त्यात ग्रेसन चक्क प्रेमाच्या त्रिकोणातला तिसरा कोन होऊन बसलाय. आणि लॉरा? तिचं नावच गाण्यात नाही. दुःख सगळं फाशी जाणाऱ्याचं. मला हे खटकतं. चाल इतकी गोड आहे की वाजवताना कुणाचा तरी खून झालाय हे लक्षातही राहत नाही.

आता 'पारंपरिक' म्हणजे काय ते बघा. १९२९ साली हे गाणं व्हिक्टर कंपनीसाठी रेकॉर्ड केलं जी. बी. ग्रेसन या जवळजवळ आंधळ्या फिडलवादकाने. त्याच जेम्स ग्रेसनच्या नात्यातला! पण ट्रिओपर्यंत चाल पोचली ती दुसऱ्या वाटेने. विल्क्सच्या शेजारच्या काउंटीत फ्रँक प्रॉफिट नावाचा शेतकरी-सुतार होता, स्वतः बिनपडद्याचे बँजो बनवणारा. त्याच्या घराण्यात हे गाणं चालत आलं होतं. १९३८ मध्ये न्यूयॉर्कहून आलेल्या फ्रँक वॉर्नरने ते त्याच्याकडून घेतलं, वॉर्नरकडून ते अ‍ॅलन लोमॅक्सच्या १९४७ च्या पुस्तकात गेलं आणि तिथून सगळीकडे. प्रॉफिटने ट्रिओला टीव्हीवर हे गाताना पाहिलं तेव्हा तो बाहेर डोंगरावर जाऊन रडला. त्यानेच पुढे पत्रात लिहिलंय. कोर्टकचेरी झाली, १९६२ मध्ये तडजोड झाली. तोवर मोठी कमाई होऊन गेलेली. १९६५ साली प्रॉफिट वारला.

डॉक वॉटसन याच डोंगरातले. त्यांनी १९६४ च्या पहिल्या रेकॉर्डवर घातलेलं 'टॉम डूली' ऐका. ट्रिओ रडवेलं करून गातं, डॉकचं टणाटण उड्या मारत जातं. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, हे फाशीचं गाणं की लग्नातलं? आमच्या आजोबांना तेच पसंत. ते म्हणतात, इथे लोक यावर नाचायचे. या चालीत लांब स्वर फारसे नाहीत, त्यामुळे पिकची ती थरथर लागत नाही, पण उजवा हात असा पळवावा लागतो की माझं मनगट दुखायला लागतं.