हात तोच, वस्ताद निराळा

वैशाखातील शिवजयंतीच्या मिरवणुकीत बेळगावच्या रस्त्यांवर दांडपट्टा फिरू लागला, की बघ्यांच्या गर्दीतून एक वाक्य हमखास ऐकू येते : हे हात थेट महाराजांच्या वेळेपासून जसेच्या तसे चालत आले आहेत. आमच्या मच्छे गावात आणि आसपासच्या खेड्यांत, जेथे तालमीच्या मातीशी प्रत्येक घराचे काही ना काही नाते असते, तेथे हे वाक्य इतके रुळलेले आहे की त्याची शहानिशा करावी असे कोणाच्या मनात येत नाही. आमचा व्यवसाय वकिलीचा. जे विधान सर्वांस एकमुखाने मान्य असते त्याचाच पुरावा आधी मागावा, अशी खोड त्या व्यवसायाने आम्हांस लावली आहे. ती येथे थोडी चालवून पाहण्याचा विचार आहे.

'हात' म्हणजे काय, हे तालमीबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. पवित्रे, वार आणि बचाव यांची एक ठरलेली साखळी असते. शागीर्द ती वस्तादाकडून पाहून उचलतो आणि पुढे आपल्या शागिर्दास देतो. चिनी कुंग फूमध्ये अशा साखळीला 'ताओलू' म्हणतात, जपानी कराटेत 'काता'. नाव कोणतेही असो, प्रश्न सर्वत्र एकच पडतो. वस्ताद बदलला की हात बदलतो काय? आणि बदलला, तर तो तोच हात राहतो काय?

आमच्या धंद्यात हा प्रश्न जुना आहे. याज्ञवल्क्याचे श्लोक मूठभर. पण विज्ञानेश्वराने त्यांवर 'मिताक्षरा' लिहिली, आणि मी केवळ अर्थ सांगतो आहे असा आव ठेवून पुत्राचा वडिलोपार्जित मिळकतीतील जन्मसिद्ध हक्क पक्का करून टाकला. त्याच स्मृतींचा आधार घेऊन बंगालच्या जीमूतवाहनाने 'दायभागा'त नेमके उलटे सांगितले. दोघेही स्वतःस परंपरेचे पाईकच समजत होते. पुढे १८६८ साली मदुरेच्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने निवाडा दिला की, रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो ग्रंथवचनाहून वरचढ ठरेल. म्हणजे शास्त्र हे शब्दांत जेवढे असते तेवढेच, किंबहुना अधिक, ते चालविणाऱ्यांच्या हातात असते.

ही तुलना ओढूनताणून आणली आहे असे वाटू नये म्हणून सांगतो. विज्ञानेश्वर ज्या कल्याणीच्या चालुक्य दरबारी होता, ते आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. त्याचा आश्रयदाता सहावा विक्रमादित्य. त्याचाच पुत्र तिसरा सोमेश्वर. त्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांच्या श्रमांचे प्रकार सांगितले आहेत. ओझे उचलण्याचा भारश्रम, फिरण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम, आणि यांच्याच जोडीला खांबावरचा स्तंभश्रम. मिळकतीचा वारसा ज्या राजधानीत लिहिला गेला, तेथेच एका पिढीच्या आत अंगमेहनतीचा वारसाही लिहिला गेला, ही गोष्ट आम्हां सीमाभागातील लोकांस थोडी सुखावणारी आहे, आणि ती भाषेच्या भांडणात कोणाच्याच बाजूने साक्ष देत नाही.

आता तालमींत मल्लखांबाची जी उत्पत्ती सांगतात ती अशी : दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन जबरदस्त पैलवान आले. त्यांच्याशी लढण्यास कोणी धजेना. तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने मुदत मागितली, तो वणीच्या सप्तशृंगीस गेला, तेथे मारुतीने वानररूपाने खांबावर चढून त्यास पेच दाखविले, आणि परतून त्याने अलीला चीत केले. गुलाबने लढतच टाळली. बाळंभटदादा ही ऐतिहासिक व्यक्ती आहे. पेशवाईच्या अखेरीस त्यांनी मल्लखांब नव्याने उभा केला आणि कोंडभटनाना गोडबोले यांच्यासारख्या शिष्यांनी तो पुढे चालविला, याविषयी वाद नाही. मारुतीविषयी आम्ही काही बोलत नाही. परंतु खांबावर कसरत करणारे मल्ल त्याच्या सुमारे सातशे वर्षे आधी कल्याणीस होते, हे ग्रंथातच आहे. तेव्हा ही कथा जन्माची नसून दत्तविधानाची आहे, असे आम्ही समजतो. एखादी विद्या नव्या हातांत गेली आणि पुष्कळ पालटली, की तिला नवा मूळपुरुष द्यावा लागतो. चीनमध्येही हेच झाले. शाओलिनची विद्या बोधिधर्माने आणली, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत असत; १९३० साली तांग हाओ या अभ्यासकाने जुने कागद तपासून ती कथा उत्तरकालीन असल्याचे दाखविले. (तांग हाओ कायदाही शिकलेला होता. धंद्याची खोड सीमा मानीत नाही!)

बाळंभटदादांचा मल्लखांब काय होता हे त्याच्या शब्दांवरून अजून कळते. खांबाच्या वरच्या निमुळत्या भागास 'मान' म्हणतात, खालच्या भागास 'अंग'. खांब हा प्रतिस्पर्धी होता. बगली, अढी, तेढी, दसरंग ही नावे मूळची पकडींची. एरंडेल लावलेल्या गुळगुळीत लाकडावर जी पकड टिकते ती घामाने निसरड्या झालेल्या अंगावर टिकणारच, हा त्यामागचा हिशेब. आज खांबावरचा मुलगा कुस्ती खेळत असेलच असे नाही. बहुधा नसतोच. पकड ही पायरी झाली असून तिच्यावरून फरारा, ताजवा असे तोल सांभाळण्याचे अवघड प्रकार साधले जातात. वेताच्या जागी दोर आला आणि दोरावर मुली आल्या. १९८१ साली मल्लखांबाची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा उज्जैनला झाली आणि गुण देणारे पंच आले. २०१९ साली मुंबईच्या शिवाजी पार्कवर जागतिक स्पर्धा झाली. ज्या दिवशी पंच आला त्या दिवशी खांब प्रतिस्पर्धी राहिला नाही. यास आम्ही ऱ्हास म्हणत नाही. पण 'जसेच्या तसे' हे शब्द मात्र येथे टिकत नाहीत.

दांडपट्ट्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तीत सरकार आले. पट्ट्याची रचना ज्यांनी हाती घेऊन पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पाते लांब आणि लवचीक. मूठ म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारी पोलादी नळी, आत धरण्यास आडवी पट्टी. यामुळे मनगट जखडले जाते. तलवारीचा वार मनगटातून फिरविता येतो, पट्ट्याचा येत नाही; तो खांद्यातून आणि कमरेतून, म्हणजे पर्यायाने पायांतून, काढावा लागतो. म्हणूनच पट्ट्याच्या हातांत एवढ्या गिरक्या आणि उड्या आहेत. त्या शोभेसाठी नव्हत्या, हत्यारानेच त्या भाग पाडल्या होत्या.

१८५७ नंतर इंग्रजांनी देश निःशस्त्र करण्याचे जे धोरण धरले, त्याचा कळस १८७८ चा अकरावा कायदा, म्हणजे शस्त्रांचा कायदा. त्याच्या व्याख्येत तलवार होती, भाला होता, खंजीर होता. परवान्यावाचून ती बाळगून फिरणे गुन्हा झाला. लाठी त्या व्याख्येत नव्हती. आमच्या मते मराठी मर्दानी खेळांच्या इतिहासात कोणत्याही वस्तादापेक्षा या व्याख्येचा हात मोठा आहे. पट्टा मागे पडला आणि लाठी, फरीगदगा, बोथाटी पुढे आली. फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल, गदगा म्हणजे कातड्याने मढविलेली काठी. धार गेली तरी वार राहावा, अशी ही तडजोड. ती सराव म्हणून पूर्वीही होती, आता ती विद्याच झाली. येथील भूगोल पाहा. बेळगाव ब्रिटिश, त्याला चिकटलेले शहापूर सांगली संस्थानचे, निपाणी ब्रिटिश, तर पलीकडचे कागल कोल्हापूरच्या छत्रपतींच्या राज्यात. चार पावलांवर कायद्याचा अंमल बदलत असे. अशा मुलखात एकाच हाताची दोन रूपे झाली नसती तरच नवल.

पुढचा फेरफार स्वकीयांनी केला, आणि तो समजून-उमजून केला. बडोद्यास जुम्मादादांचा आखाडा होता. त्यांचे शिष्य माणिकराव, ज्यांना पुढे राजरत्न म्हणत, त्यांच्या हाती तो आला. मुसलमान वस्तादाची गादी ब्राह्मण शागिर्दाकडे गेली आणि आखाड्यास नाव जुम्मादादांचेच राहिले. ही गोष्ट आजच्या मिरवणुकांतून कोणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिली. माणिकरावांनी संघव्यायाम बसविला आणि कवायतीचे हुकूम देशी भाषेत आणले. एका शागिर्दास वर्षानुवर्षे शिकवावयाचे तेच शंभर मुलांस एकदम शिकवावयाचे, तर हाताचे तुकडे पाडून त्यांस अंक द्यावे लागतात; उजवीकडे जेवढे तेवढेच डावीकडे करावे लागते; ज्याची चाल जलद त्यास थांबावे लागते आणि ज्याची मंद त्यास पळावे लागते. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानेही सामुदायिक शिक्षणाचाच मार्ग धरला, आणि त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी हे देशी खेळ जगास दाखविले. परतंत्र देशाच्या तरुणांनी हिटलरच्या राजधानीत आपली विद्या दाखवावी, यात अभिमानाचा भाग मोठा होता. आणि दुरून पाहणाऱ्यास समजेल अशी ती दिसली पाहिजे, ही अटही त्यात आलीच.

ही वाट एकट्या महाराष्ट्राची नव्हती. ओकिनावात इतोसू आंको याने विसाव्या शतकाच्या आरंभी शाळकरी मुलांसाठी 'पिनान' नावाच्या पाच सोप्या काता रचल्या. त्याचा शिष्य फुनाकोशी याने त्या जपानात नेल्या, त्यांचे नाव 'हेइआन' केले आणि पवित्रे बदलले. शांघायमध्ये १९१० साली निघालेल्या जिंगवू संस्थेने गुप्तपणे घराण्यांत राहणारी विद्या वर्गात आणली. यांग चेंगफूने घराण्याच्या ताईचीतील उड्या काढून ती संथ केली, आणि १९५६ साली चिनी सरकारने तिचे चोवीस चालींचे संक्षिप्त रूप काढले, जे आज बागाबागांतून दिसते. कोठे शाळा, कोठे संस्था, कोठे सरकार; कारण मात्र एकच दिसते. शिकणारा एकाचे शंभर झाला.

काही वेळा हत्यार इतके बदलते की ते ओळखूही येत नाही. लेझीम हा शब्द फारसी. मूळची लेझीम म्हणजे धनुष्य ओढण्याच्या सरावाचे जड धनुष्य, ज्यास दोरीऐवजी लोखंडी साखळी असे. इराणच्या जोरखान्यांत तशा प्रकारचे साखळीचे धनुष्य अजून डोक्यावर धरून हलवितात. आपल्याकडे ते आखूड झाले, हलके झाले, साखळीच्या चकत्या वाजू लागल्या आणि ढोल-ताशाच्या ठेक्यावर शाळेची पोरे नाचू लागली. गोव्यात सत्तरी, डिचोली, पेडणे या भागांत शिगम्याला घोडेमोडणी होते. कमरेस लाकडी घोडा बांधून, हाती तलवार घेऊन नाचणारे गडी राण्यांच्या जुन्या लढायांची आठवण जागवितात. तेथे घोडा लाकडाचा आहे हे सर्वांस ठाऊक असते, आणि कोणी असा दावा करीत नाही की हीच ती घोडदौड. कोंकणी बांधवांचा हा प्रामाणिकपणा आम्हांस आवडतो.

मग गमावले काय? आमचे उत्तर असे की, समोरचा माणूस. हात दोघांत खेळला जात असे तोवर चुकीचा बदल लगेच अंगावर उठत होता. प्रतिस्पर्धी हाच टीकाकार होता, आणि तो भीड ठेवीत नसे. तो गेल्यावर बदल पारखण्याचे काम टाळ्यांकडे आले. आज मिरवणुकीत फिरणारी पाती पुष्कळदा पातळ असतात; ती सुंदर वाजतात आणि वेगाने फिरतात, पण हलक्या पात्याला पायांची गरज कमी लागते, म्हणून पाय आळसावतात. तळहातावरचे किंवा मानेवरचे लिंबू पट्ट्याने कापणे ही मूळची नजरेची आणि आवरलेल्या हाताची कसोटी. आता तोच खेळाचा कळस समजतात. कुस्तीचे नशीब थोडे बरे. तिने माती सोडून गादी घेतली, महाराष्ट्र केसरीत तर दोन्ही ठेवल्या, पण समोरचा गडी तिने सोडला नाही.

बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. लाठी, पट्टा, बोथाटी, मल्लखांब, सारे त्यांत चित्रांसह आहे. आमची सूचना एवढीच की, येथील प्रत्येक तालमीने तो खंड आणि आपला चालू हात एकदा शेजारी ठेवून पाहावेत, आणि एका वहीत लिहावे : हा हात कोणाकडून आला, त्यात कोणी काय बदलले, कशासाठी बदलले. अमुक वस्तादाने गुडघा दुखावला म्हणून उडी काढली. अमुक वर्षी मुली आल्या तेव्हा काठीची लांबी कमी केली. मिरवणुकीत रस्ता अरुंद म्हणून गिरकी तीनाऐवजी दोन झाली. अशा नोंदी वाचताना आम्हांस कोणत्याही बखरीइतकाच रस वाटेल. वहीचे पहिले पान ज्या वस्तादाच्या नावाचे असेल तो महाराजांच्या पदरी नसला तरी चालेल. त्याच्या शागिर्दाला त्याचे नाव, गाव आणि त्याने कोणत्या पायावर गिरकी घ्यावयास शिकविले हे सांगता आले पाहिजे.